पाच कारणांतलं एक

देवघराच्या दारावरचा विठोबा यंत्रानं कोरला, तर तो कोरला कुणी? आमच्या भागातल्या एका कीर्तनकार बुवांनी मला हे विचारलं तेव्हा सागवानी पल्ला त्यांच्या हातात होता आणि ते त्यावरून बोट फिरवत होते. "काम देखणं झालंय. पण यात तुझा हात कुठंय, बाळा?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरी विचारणा होती. म्हणूनच ती माझ्याजवळ राहिली. बुवांना द्यायचं उत्तर आता माझ्यापाशी आहे, आणि ते एका वाक्यात मावत नाही.

मी युसूफ वडगावचा. तालुका केज, जिल्हा बीड. घरात सुतारकी पिढीजात. अण्णांनी तरुणपणी तिफणी, कुळव, गाडीची चाकं केली. ट्रॅक्टर आले, पेरणीयंत्रं आली आणि औतकाठीचं काम सरलं. मग चौकटी, दारं, देवघरं एवढंच हातात उरलं. त्यातही कोरीवकाम म्हटलं की गिऱ्हाईक शहराकडे जाऊ लागलं, कारण तिथं ते मशीनवर लवकर व्हायचं. म्हणून मी सीएनसी राउटर घेतला, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणारी मशीन. दोन फूट बाय तीन फुटांचा बेड, सव्वादोन किलोवॅटची पाण्यानं थंड होणारी स्पिंडल आणि जुन्या संगणकावर चालणारं माक-थ्री हे मशीनला आज्ञा देणारं सॉफ्टवेअर. ही म्हणजे मिलिंग मशीनच. फरक इतकाच की लोखंडाऐवजी लाकूड कापते.

माक-थ्री उघडलं की सगळ्यात आधी लाल रंगात उघडझाप करणारं रीसेटचं बटण दिसतं. ते दाबून शांत केल्याशिवाय मशीन जागची हलत नाही. मग तिन्ही अक्ष होमला पाठवायचे, लाकूड बेडवर क्लॅम्पनं पक्कं करायचं, त्यावर झिरो धरायचा. झेडचा झिरो धरताना बिटाच्या टोकाखाली कागद सरकवत राहायचं आणि तो अडकला की थांबायचं. त्यानंतर फाइल उघडायची, आधी हवेत ड्राय रन घ्यायचा आणि मगच सायकल स्टार्ट. सांगायला सोपं आहे. मी हे मोबाइलवरचे हिंदी व्हिडिओ बघत आणि वाळूजच्या कारखान्यात व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनवर, काम करणाऱ्या मावसभावाला विचारत शिकलो. त्यानं पहिल्या दिवशी सांगितलेला नियम मी अजून मोडलेला नाही: बिट पहिल्यांदा खाली उतरत असताना नजर टोकावर आणि हात इमर्जन्सीवर.

अण्णांनी मशीन पहिल्यांदा चालताना बघितली तेव्हा किंमत विचारली नाही, वेग विचारला नाही. "हे थांबवायचं कुठनं?" एवढंच विचारलं.

आता कामाचा हिशोब सांगतो, कारण बुवांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. एक फूट रुंद आणि दोन फूट उंच पल्ल्यावर उठावाचं काम करायचं. आधी सहा मिलिमीटरच्या एंडमिलनं जादा लाकूड काढून टाकायचं आणि मग तीन मिलिमीटरच्या, गोल टोकाच्या बॉलनोजनं बारीक काम करायचं. दोन ओळींतलं अंतर ०.३ मिलिमीटर धरलं तर तीनशे मिलिमीटर रुंदीत हजार फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी सहाशे मिलिमीटरची, म्हणजे एकूण सहाशे मीटर. मिनिटाला दोन मीटर या वेगानं नुसत्या फिनिशिंगला पाच तास. या पाच तासांत माझा हात लाकडाला लागत नाही. बुवांना दिसलं ते हेच, आणि ते खरंच आहे.

पण त्या पल्ल्याची गोष्ट पाच तासांच्या खूप आधी सुरू झाली होती. बाजारात मिळणारी विठोबाची जी रिलीफ फाइल माझ्याकडे आली, त्यात देव कमळावर उभा होता. कर कटेवर होते, मुकुट होता, कानांत मकरकुंडलं होती. वीट तेवढी नव्हती. आकार देखणा होता, पण करणाऱ्यानं पंढरपूर पाहिलेलं नसावं. सॉफ्टवेअरला त्यात काही चुकलेलं दिसत नाही. त्याच्यापुढं असतात एक्स, वाय आणि झेडचे आकडे. कमळाची खोली आणि विटेची खोली त्याच्या लेखी सारखीच. ज्या देवाला भक्तानं थांबायला सांगितलं आणि जो अजून विटेवर थांबलेला आहे, त्याच्या पायाखालची वीट गेली तर तो विठोबा उरत नाही. मी ते कमळ पुसलं आणि वीट बसवली. कडा फार रेखीव निघाल्या म्हणून जरा मोडल्या, पायांची बोटं विटेच्या काठापर्यंत आणली. दोन रात्री त्यात गेल्या. त्या वेळी मशीन बंद होती आणि लाकूड कोपऱ्यात उभं होतं. बुवांनी शोधलेला हात तिथं होता. पल्ल्यावरून बोट फिरवून तो लागला नसता.

पटाशीनं कोरताना करणं आणि होणं एकाच वेळी घडतं. पटाशी एक केस सरकली की मनानंही एक केस ठरवलेलं असतं; रेष चुकायला लागली तर हात तिथंच वळतो. मशीनवर या दोन्हींमध्ये अंतर पडतं. करायचं ते सगळं आधी करून ठेवावं लागतं आणि नंतर ते होत राहतं. माझ्या मशीनच्या जातीत हे अंतर पडायला सुरुवात कुठं झाली, हे मी मुद्दाम शोधलं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स नावाचा माणूस हेलिकॉप्टरची पाती करायचा. पात्याची वक्रता आकड्यांत मांडून त्या आकड्यांवर हत्यार चालवावं, ही कल्पना त्याची. अमेरिकी हवाई दलाच्या पैशातून एमआयटीच्या प्रयोगशाळेत ती पुढं गेली, आणि १९५२ मध्ये छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवर चालणारी मिलिंग मशीन तिथं दाखवली गेली. माझ्या फाइलीतली जी, एक्स, वाय, झेड ही अक्षरंही त्याच घराण्यातली. विमानाच्या भागासाठी घडलेली ही भाषा आज युसूफ वडगावात विठोबाची वीट कापते. मला याचा अभिमान वाटतो.

आता त्या पाच तासांकडे येतो. मशीन चालत असते, भुसा उडत असतो, मी बाजूला उभा असतो. करण्यासारखं काही नसतं, फक्त बघायचं. एरवी ज्या अवस्थेसाठी माणसं डोळे मिटून बसतात ती इथं उघड्या डोळ्यांनी येते: काम चाललंय, आणि ते मी करत नाहीये. सांख्यांनी जगाची मांडणी अशीच केली आहे. प्रकृती सगळं करते. पुरुष नुसता साक्षी असतो, अकर्ता असतो. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत या जोडीसाठी आंधळ्या-पांगळ्याचा दाखला आहे. आंधळा चालू शकतो, पण त्याला दिसत नाही. पांगळ्याला दिसतं, पण चालता येत नाही. दोघं एकत्र आले की वाट कापली जाते. माझ्या शेडमधलं चित्र याहून नेमकं कुणाला काढता येणार नाही. मशीन आंधळी आहे आणि चालते. मला दिसतं आणि मी स्थिर उभा असतो.

या मांडणीचा मोह मला बराच काळ होता. तिच्यात शांती आहे आणि ती शांती खोटी नाही. पण ती मला पुरली नाही. त्याचं कारण मशीनच्या पोटात आहे, म्हणून थोडं तपशिलानं सांगतो.

माझ्या मशीनची मोटर स्टेपर जातीची आहे. तिचा एक फेरा २०० पावलांचा. ड्रायव्हर एकेका पावलाचे आठ भाग करतो, म्हणजे फेऱ्याला १६०० ठोके. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एका मिलिमीटरला ३२० ठोके. माक-थ्रीला हा ३२० चा आकडा एकदा सांगून ठेवला की शंभर मिलिमीटर जायचं असेल तेव्हा ते ३२,००० ठोके पाठवतं आणि स्क्रीनवर १०० दाखवतं. मोटर खरोखर तेवढी फिरली का, हे त्याला कळत नाही. ठोके इकडून तिकडे जातात, तिकडून इकडे काहीच येत नाही. लाकडात कडक गाठ आली, बिट अडकलं, मोटर चार पावलं चुकली, तरी स्क्रीनवरचा आकडा तसाच बिनदिक्कत पुढं जात राहतो. तो आकडा हत्यार कुठं आहे हे सांगत नाही. हत्यार कुठं पाठवलं होतं, एवढंच सांगतो. मावसभावाच्या व्हीएमसीवर सर्व्हो मोटर आहेत. त्यांना एन्कोडर असतो, तो खरी जागा परत कळवतो, आणि फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की कंट्रोल अलार्म देऊन थांबतो. माझ्याकडे ती सोय नाही. माझ्याकडे मीच एन्कोडर.

न्यायशास्त्रानं ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द प्रमाण धरायचा तो आप्ताचा, म्हणजे जाणत्या आणि विश्वासू माणसाचा. जो फक्त स्वतःचं बोलणं ऐकतो आणि तेच जगाचं वर्तमान म्हणून सांगतो, तो आप्त कसा होणार? म्हणून पाच तास स्क्रीनकडे बघत बसणं ही माझ्या लेखी साक्ष नव्हे. साक्ष द्यायची तर डोळे बिटाच्या टोकावर हवेत, कान स्पिंडलच्या आवाजावर हवेत. आवाज जड झाला की बिट बोथट झालंय किंवा लाकूड बदललंय. भुशाचा वास करपट आला की स्पिंडलचे फेरे जास्त आहेत किंवा फीड, म्हणजे बिटाचा पुढं सरकण्याचा वेग, कमी आहे. आणि हे कळल्यावर नुसतं कळून भागत नाही. फीड होल्ड दाबावा लागतो. सांख्यांचा पुरुष बघतो आणि बघून उदासीन राहतो. माझा हात मात्र लाल बटणाजवळ असतो, आणि ज्याचा हात बटणाजवळ आहे त्याला अकर्ता म्हणवून घेता येत नाही.

इथं मला गीतेचा अठरावा अध्याय जवळचा वाटू लागला. लोक सहसा अकराव्याकडे जातात. तिथं अर्जुनाला निमित्तमात्र व्हायला सांगितलंय, आणि आपल्याकडे हे काम टाळायलाही वापरलं जातं आणि नम्रता दाखवायलाही. अठराव्यात हिशोब जास्त बारीक आहे. कुठलंही कर्म पाच कारणांनी घडतं असं तिथं म्हटलंय: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. असं असताना जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो त्याची समज कच्ची, असंही लगेच पुढं आहे. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे देह धरतात. मी सुतार आहे, मी ते माझ्या शेडमध्ये आणून ठेवतो. अधिष्ठान म्हणजे बेड आणि त्यावर पक्कं बसवलेलं सागवान. साधनं म्हणजे स्पिंडल, बिट, संगणक, माक-थ्री. हालचाली म्हणजे त्या हजार फेऱ्या, ते कोट्यवधी ठोके. दैव म्हणजे वरून न दिसणारी गाठ, आणि आमच्याकडे वीजही त्यातच येते. राहिला कर्ता.

या यादीत कर्त्याला पाचांतली एक जागा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. पाचही जागा त्याच्या नाहीत. पण त्याची जागा काढूनही टाकलेली नाही. "देव मी घडवला" असं म्हणणारा इतर चार कारणांचं देणं बुडवतो. "मी फक्त बटण दाबलं, बाकी मशीननं केलं" असं म्हणणारा स्वतःची जागा रिकामी करतो, आणि ही दुसरी चूक मला जास्त घातक वाटते, कारण ती विनयाच्या रूपात येते. पल्ला बिघडला की हाच विनय उपयोगी पडतो: फाइलच तशी होती, लाइट गेली, लाकूडच खराब निघालं. पाच कारणं खरी असली तरी दैव यादीत पाचवं आहे. पहिल्या चारांचं काम झाल्याशिवाय त्याच्याकडे बोट दाखवायचा हक्क मिळत नाही.

वीज जाण्याचंच घ्या. चालू कामात लाइट गेली की स्टेपर मोटर आपली जागा विसरते. वीज परत आल्यावर मशीनला आपण कुठं आहोत हे ठाऊक नसतं. होम स्विचला जाऊन टेकल्यावरच तिला आपलं मूळ सापडतं. लाकडावरचा झिरो त्या मूळ जागेपासून मोजून नोंदवून ठेवला असेल, तर काम थांबलं त्या ओळीपासून पुन्हा धरता येतं. नोंदवला नसेल तर अंदाजानं धरावा लागतो, आणि विठोबाच्या छातीवर एक आडवी पायरी उमटते. वीज जाणं दैव आहे. नोंद न ठेवणं दैव नाही. माझ्या भिंतीवर प्रत्येक कामाच्या झिरोचे एक्स, वाय आणि झेड हे तीन आकडे पेन्सिलनं लिहिलेले असतात.

बुवांच्या प्रश्नाला आणखी एक अंग होतं, जे त्यांनी बोलून दाखवलं नाही. हातानं कोरलेल्या मूर्तीत भाव उतरतो, यंत्राच्या मूर्तीत तो कुठून येणार? माझ्या कामात हात शेवटी लागतोच. तीन मिलिमीटरच्या बॉलनोजला दीड मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येच्या कोपऱ्यात शिरता येत नाही, त्यामुळे डोळ्यांचे कोपरे गोलसर राहतात. निमुळती बारीक बिटं मिळतात, पण वेळ कितीतरी वाढतो आणि सागवानात ती मोडतात. म्हणून डोळे मी अण्णांच्या लहान पटाशीनं उघडतो. मंदिराच्या मूर्तीचेही डोळे सगळ्यात शेवटी विधिपूर्वक उघडतात, त्याला नेत्रोन्मीलन म्हणतात. तिथं सोन्याची सळई लागते. हे ऐकून काही लोक म्हणतात, मग झालं, शेवटचा हात तुझाच, भाव तिथून आला. मला हे पटत नाही. मी ते काम बिटाला जमत नाही म्हणून करतो. उद्या बिटाला जमलं तर मूर्तीतला भाव निघून जाणार का? अण्णा विजेचा रंधा वापरायला लागले तेव्हा त्यांच्या दारांतलं काय कमी झालं? भाव कातडी आणि लाकूड यांच्या घासण्यात असता, तर खरबरीत हाताचा सुतार सगळ्यात मोठा भक्त ठरला असता.

मग काम कुणाचं म्हणायचं? अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांकडे बघा. पंचीकरणावरची त्यांची पासोडी आमच्या या परिसराचा ठेवा आहे. चाळीस फुटांच्या आसपास लांब कापडावर लिहिलेली. ते कापड कुणीतरी विणलं, सूत कुणीतरी कातलं, शाई कुणीतरी केली. त्या सगळ्यांशिवाय पासोडी झाली नसती. तरी आपण ती दासोपंतांची म्हणतो आणि बरोबर म्हणतो, कारण तिच्यातल्या अक्षराअक्षराला जबाबदार तेच आहेत. शंका आली तर विणकराकडे कुणी जात नाही. गीतेवर गीतार्णवासारखा अफाट ग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाला कर्त्याच्या जागेचं मोल नक्की ठाऊक असणार.

तर बुवा, माझं उत्तर असं. ज्याला त्या पल्ल्याबद्दल विचारता येतं आणि जो उत्तर देतो, त्यानं तो कोरला. हात लाकडाला किती वेळ लागला याला माझ्या लेखी महत्त्व नाही. वीट का, इतकी खोली का, हे लाकूड का, ही रेष अशी का, या प्रत्येकाला माझ्याकडे कारण आहे. जिथं कारण माझं नाही तिथं ते कुणाचं आहे हे मी सांगतो. त्या विठोबाचा मूळ आकार कुणा अनोळखी माणसानं संगणकावर घडवला. त्याचं नाव फाइलीत नव्हतं. पेन ड्राइव्हवर शेकड्यानं फिरणाऱ्या या फायलींमागच्या माणसांना आपण कर्त्यांच्या यादीतून पुसून टाकतो, हे मला खुपतं. नाव कळलं तर ते मी गिऱ्हाइकाला सांगतो. शक्य तिथं घडवणाऱ्याकडूनच फाइल पैसे देऊन घेतो.

आणि भक्ती? ती मला ड्राय रनमध्ये दिसते. बिट लाकडाच्या वर हवेत फिरत असतं, काहीच कापत नसतं, गिऱ्हाइकाला त्याचे पैसे लागत नाहीत आणि कुणी बघतही नाही. ती वीस मिनिटं वाचवली तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही. तरी जो ती देतो, त्याला मी भाविक म्हणेन. खंडेनवमीला अण्णांच्या पटाशा आणि वाकस मांडतो, त्यांच्याशेजारी संगणक आणि इमर्जन्सीचं बटणही ठेवतो. हळद-कुंकू सगळ्यांना सारखंच वाहिलं जातं, आणि अण्णांनी त्याला कधी हरकत घेतली नाही.

आता माझ्यासारख्या गावोगावच्या सीएनसीवाल्या भावांना एक विनंती. आपल्या कामावर आपण नाव लिहीत नाही, कारण मशीनच्या कामाला नाव कसलं असं आपल्याला वाटतं. लिहा. पल्ल्याच्या मागच्या बाजूला, जिथं देव्हाऱ्याची शोभा जाणार नाही तिथं, नाव, गाव आणि तारीख लिहा. मी लिहितो. कोर उडाली, पल्ला वाकला, विटेचा काठ तुटला, तर माणसानं पत्ता वाचून थेट युसूफ वडगावला यावं. सॉफ्टवेअर कुठलं होतं हे त्याला विचारावं लागू नये.